इफेक्ट्स लूपमधील अनिष्ट रव : निदान आणि निवारण

विद्युत्-गिटारच्या विवर्धकातून वादन थांबल्यावरही जी घूं, जी सूं किंवा जी खरखर ऐकू येत राहते, तिला पारिभाषिक अर्थाने ‘रव’ म्हणतात. हा रव अनेक ठिकाणी जन्म घेऊ शकतो. तथापि त्याच्या सर्वांत गुंतागुंतीच्या तक्रारी विवर्धकाच्या ज्या भागाविषयी येतात, तो भाग म्हणजे इफेक्ट्स लूप. प्रस्तुत लेखात या लूपमधील रवाची कारणे, ती एकमेकांपासून वेगळी ओळखण्याची रीत आणि त्यांचे निवारण यांचा विचार केला आहे. विवेचनास मावळ तालुका व लोणावळा-खंडाळ्याचा परिसर आधारभूत धरला आहे. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, कातळाची जमीन आणि वस्तीलगतचा विद्युत्-लोहमार्ग या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या असून, त्या तिन्हींचा या प्रश्नाशी कमीअधिक संबंध पोहोचतो.

या विषयाला केवळ श्रवणसुखाचेच महत्त्व आहे असे नाही. घूं थांबविण्यासाठी प्लगची तिसरी, म्हणजे भूसंपर्काची, पिन निकामी करण्याची एक घातक रीत वादकांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. ही रीत अनावश्यक कशी आहे, हे दाखविणे हाही या विवेचनाचा एक हेतू होय.

१. लूपची रचना व प्रयोजन

गिटारच्या विवर्धकाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पूर्वविवर्धक हा गिटारकडून येणाऱ्या क्षीण संकेताचे वर्धन करतो व त्यास नादगुण देतो; शक्तिविवर्धक हा त्या संकेतास ध्वनिक्षेपक हलविण्याइतके सामर्थ्य देतो. या दोहोंच्या सांध्यावर संकेत बाहेर नेण्यासाठी एक जॅक आणि तो परत आत घेण्यासाठी दुसरा जॅक ठेवला, म्हणजे इफेक्ट्स लूप सिद्ध होतो. पहिल्यास ‘सेंड’ व दुसऱ्यास ‘रिटर्न’ असे म्हणतात.

या रचनेची गरज कशी उत्पन्न झाली, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वविवर्धकाचे वर्धन वाढवून संकेत मुद्दाम विरूप करण्याची वादनशैली रूढ झाली, तेव्हा त्याच्याआधी जोडलेली प्रतिध्वनीची उपकरणे अपुरी वाटू लागली. प्रतिध्वनी आधी आणि विरूपण नंतर झाले, तर मूळ स्वर व त्याचा प्रतिध्वनी हे दोन्ही एकत्र चिरडले जातात व त्यांची पृथकता नाहीशी होते. प्रतिध्वनी विरूपणानंतर हवा असेल, तर तो विवर्धकाच्या पोटातच जोडावयास हवा. या कारणाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विवर्धकांमध्ये लूपची सोय वाढत्या प्रमाणात दिसू लागली.

सोय झाली, परंतु तिच्याबरोबर अडचणही आली. जो संकेत पूर्वी सांगाड्याच्या धातूच्या आच्छादनात सुरक्षित होता, तो आता काही मीटर तारांतून, परक्या उपकरणांतून आणि परक्या वीजपुरवठ्याच्या सान्निध्यातून फिरून येतो. लूपमधील बहुतेक सर्व रवाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२. रवाची लक्षणे

निदानाचे पहिले साधन कान हेच होय. पुढील चार प्रकार एकदा ओळखू येऊ लागले, म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे.

पहिला प्रकार मंद, जाड घूं. तिची मूळ वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणजे वीजपुरवठ्याची असते. भूसंपर्काच्या वेटोळ्यातून किंवा रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रातून ती येते. दुसरा प्रकार अधिक कर्कश घरघर. तिची मूळ वारंवारता १०० हर्ट्‌झ असून तीत वरचे संनादी विपुल असतात. पूर्णतरंग एकदिशकारकाची तरंगिका १०० हर्ट्‌झचीच असल्याने, अशी घरघर ऐकू आल्यास वीजपुरवठ्यातील जीर्ण धारित्रांचा संशय प्रथम घ्यावा. तिसरा प्रकार अखंड सूं. तिला निश्चित स्वर नसतो. ती रोधकांतील तापीय रवापासून व पातळीच्या विसंगतीपासून उद्भवते. चौथा प्रकार खरखर, कडकड आणि आवाज मध्येच बसणे. हे मलिन किंवा सैल संपर्काचे लक्षण होय.

यांखेरीज दोन उपप्रकार ध्यानात ठेवावेत. अंकीय उपकरणांच्या व स्विचिंग पद्धतीच्या अडॅप्टरांच्या पुरवठ्यातून कधी बारीक शिट्टी येते. तसेच जीएसएम पद्धतीचा मोबाइल फोन विवर्धकाजवळ असल्यास सुमारे २१७ हर्ट्‌झची तुटक टरटर ऐकू येते. फोन दूर नेताच ती नाहीशी होते, म्हणून तिच्यासाठी अधिक शोध घेण्याचे कारण नाही.

३. पातळीची विसंगती

सूंच्या तक्रारीत उपकरण सदोष असण्यापेक्षा पातळी विसंगत असण्याचा संभव अधिक असतो. पायाने चालवावयाची पेडले साधारणपणे −२० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.१ व्होल्ट संकेतासाठी बनविलेली असतात. रॅकमध्ये बसणारी व्यावसायिक उपकरणे +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट संकेताची अपेक्षा करतात. या दोहोंत जवळजवळ २२ डेसिबेलचे अंतर आहे.

समजा, एखाद्या उपकरणाचा स्वतःचा रव ३० मायक्रोव्होल्ट आहे. त्यातून १.२३ व्होल्टचा संकेत नेला, तर संकेत रवाच्या ९२ डेसिबेल वर राहतो. तोच संकेत ०.१ व्होल्टचा असेल, तर हे अंतर ७० डेसिबेलवर येते. आणि पुढे रिटर्नच्या टप्प्याने कमी पडलेली पातळी भरून काढली, की संकेताबरोबर रवही तितकाच वर उचलला जातो. म्हणजे उपकरण तेच, रव तोच, पण संकेताच्या तुलनेत त्याचा दाब सुमारे बारापट होतो. याउलट, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या पेडलास फार मोठा संकेत दिला, तर तो कापला जाऊन विरूप होतो. यास्तव लूपला पातळी निवडण्याचा स्विच असेल, तर तो उपकरणाच्या जातीशी जुळवून घेणे ही पहिली पायरी समजावी.

तथापि काही सूं अटळ असते. १०० किलोओहमच्या रोधकात, नेहमीच्या तपमानास आणि २० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात, तापीय रव सुमारे ५.८ मायक्रोव्होल्ट भरतो. पूर्वविवर्धकाच्या पहिल्या टप्प्यावर असा जो रव असतो, तो लूपपर्यंत पोहोचताना शेकडो पटींनी वाढलेला असतो. त्याचा दोष लूपला देऊन उपयोग नाही.

संरोधाचाही येथेच विचार करावा. काही जुन्या व्हॉल्व्ह-विवर्धकांत सेंडचा संरोध ५० किलोओहमच्या घरात असतो. तारेची धारिता मीटरमागे १०० पिकोफॅरड धरली, तर १२ मीटर तारेची धारिता १२०० पिकोफॅरड होते व सुमारे २६५० हर्ट्‌झच्या वरचे स्वर क्षीण होऊ लागतात. शिवाय अशी तार भोवतालचे विद्युत्-क्षेत्र सहज टिपते. सेंडचा संरोध १ किलोओहम असता हीच मर्यादा १३० किलोहर्ट्‌झच्या पलीकडे जाते व प्रश्न उरत नाही. सेंडनंतर लगेच एक बफर जोडल्याने हे साधते.

४. भूसंपर्काचे वेटोळे

घूंचे सर्वांत सामान्य कारण हे होय. विवर्धक एका सॉकेटवर आणि लूपमधील उपकरण खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असेल, तर दोहोंचे सांगाडे दोन मार्गांनी जोडले जातात : एक मार्ग भूसंपर्काच्या तारेचा, दुसरा संकेताच्या तारेवरील जाळीदार आवरणाचा. दोन सॉकेटांच्या भूबिंदूंमध्ये थोडासा जरी दाब असला, तरी या बंद मार्गातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहू लागतो.

उदाहरणार्थ, हा दाब २० मिलिव्होल्ट, संपूर्ण वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम आणि त्यापैकी आवरणाचा रोध ०.१ ओहम आहे असे मानू. प्रवाह ४० मिलिअँपिअर होईल व आवरणावर ४ मिलिव्होल्टचा दाब पडेल. आवरण हाच संकेताचा परतीचा मार्ग असल्याने हे ४ मिलिव्होल्ट सरळ संकेतात मिसळतात. संकेत ०.१ व्होल्टचा असेल, तर घूं त्याच्या केवळ २८ डेसिबेल खाली राहते, म्हणजे स्पष्ट ऐकू येते. संकेत १.२३ व्होल्टचा असेल, तर ती सुमारे ५० डेसिबेल खाली जाते. पातळीचा प्रश्न व घूंचा प्रश्न हे परस्परांपासून अलग नाहीत, हे यावरून दिसून येईल.

वेटोळ्याचे आणखी दोन प्रकार सहसा लक्षात येत नाहीत. पहिला असा की, काही पेडले गिटार व विवर्धक यांच्यामध्ये आणि काही लूपमध्ये ठेवून सर्वांना एकाच अडॅप्टरवरून वीज दिली, तर पुरवठ्याची ऋण तार त्या सर्वांना पुन्हा एकत्र बांधते. प्रत्येक पेडलास परस्परांपासून विलग असा पुरवठा देणे, हाच यावर खरा उपाय. दुसरा प्रकार त्याहून सूक्ष्म आहे. सेंडची तार व रिटर्नची तार यांची आवरणे एका टोकास विवर्धकात व दुसऱ्या टोकास पेडलात जोडलेली असतात. म्हणून पेडल बॅटरीवर चालत असले तरीही एक बंद वेटोळे तयार होतेच, आणि त्याने वेढलेल्या क्षेत्रफळातून जाणारे चुंबकीय क्षेत्र त्यात प्रवाह उत्पन्न करते. दोन्ही तारा शेजारी शेजारी बांधून नेल्या, की क्षेत्रफळ घटते. क्षेत्रफळ २ चौरस मीटरवरून ०.१ चौरस मीटरवर आणल्यास प्रवर्तित दाब वीसपट, म्हणजे २६ डेसिबेलने, उतरतो. या उपायास एक पैसाही लागत नाही.

५. परिसराचे तीन घटक

लोहमार्ग. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९-३० च्या सुमारास १५०० व्होल्ट एकदिश दाबाने झाले. २१ व्या शतकात तो मार्ग टप्प्याटप्प्याने २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्‌झ प्रत्यावर्ती दाबावर आणला गेला. रवाच्या दृष्टीने हा बदल लक्षणीय आहे. स्थिर एकदिश प्रवाह शेजारच्या तारांत दाब प्रवर्तित करीत नाही. करते ती त्यावरील तरंगिका, आणि षट्स्पंदी एकदिशकारकाच्या बाबतीत तिची वारंवारता ३०० हर्ट्‌झ असते. ती घरगुती घूंपेक्षा कानाला सहज वेगळी वाटते. प्रत्यावर्ती प्रवाहाची घूं मात्र ५० हर्ट्‌झचीच असल्याने स्वरावरून ती वेगळी काढता येत नाही.

तिचे परिमाण किती असू शकेल, याचा अंदाज घेता येतो. वरच्या तारेत ३०० अँपिअर प्रवाह आहे असे मानले आणि परतीच्या प्रवाहाचा विचार तूर्त सोडला, तर ५० मीटर अंतरावर चुंबकीय प्रवाहघनता १.२ मायक्रोटेस्ला येते व २ चौरस मीटरच्या वेटोळ्यात सुमारे ०.७५ मिलिव्होल्ट प्रवर्तित होतात. वस्तुतः परतीचा बराचसा प्रवाह रुळांतून उलट दिशेने जात असल्याने हा आकडा पुष्कळच खाली येतो. सारांश, मार्गालगतच्या घराखेरीज अन्यत्र गाडीला दोष देणे सयुक्तिक नाही. संशय असल्यास काळाची कसोटी लावावी : बोरघाट चढणाऱ्या गाडीबरोबर वाढणारी व तिच्याबरोबर ओसरणारी घूं लोहमार्गाची, अहोरात्र एकसारखी राहणारी घूं घरातली.

पाऊस. लोणावळ्यास वर्षाकाठी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात. या महिन्यांतील दमट हवेचा परिणाम लूपच्या एका विशिष्ट भागावर होतो. लूपमध्ये काहीही जोडलेले नसताना संकेत अखंड राहावा म्हणून रिटर्नच्या जॅकमध्ये एक स्प्रिंगची पट्टी असते. प्लग घातला की ती उघडते, काढला की मिटते. ज्या विवर्धकाचा लूप महिनोन्‌महिने वापरला जात नाही, त्याच्या या पट्टीवर मळ व ऑक्साइडचा थर साचतो. मग सारा संकेत त्या मलिन सांध्यातून जाऊ लागतो आणि खरखर, आवाज बसणे, अचानक मोठा होणे ही लक्षणे दिसतात. वादकास लूप आपल्या वापरात नाही असे वाटत असल्याने त्याचा संशय त्याकडे जात नाही. सेंड व रिटर्न एका आखूड तारेने जोडताच दोष नाहीसा झाला, तर निदान पक्के समजावे. संपर्क स्वच्छ करण्याच्या द्रवाचे दोन थेंब टाकून प्लग दहावीस वेळा आतबाहेर करणे एवढाच बहुधा उपचार असतो. तेल मात्र कदापि घालू नये.

जमीन. मावळ हा बसाल्टच्या कातळाचा प्रदेश आहे. अखंड कातळाची विद्युत्-रोधकता मातीपेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि उन्हाळ्यात वरचा मुरूम सुकल्यावर भूखड्ड्याचा रोध आणखी वाढतो. या घटकाचा संबंध घूंपेक्षा वादकाच्या जिवाशी अधिक आहे. त्याचा विचार शेवटच्या प्रकरणात केला आहे.

६. निदानाचा क्रम

निदानाचे सूत्र एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि शोध ध्वनिक्षेपकाकडून गिटारकडे, म्हणजे संकेताच्या उलट दिशेने, न्यावा.

(अ) रिटर्नच्या जॅकमध्ये, दोन्ही टोके परस्परांस जोडलेला, म्हणजे ‘शॉर्ट’ केलेला, रिकामा प्लग घालावा. यामुळे पूर्वविवर्धक तुटतो. रव कायम राहिल्यास तो शक्तिविवर्धकात किंवा वीजपुरवठ्यात आहे. लूप निर्दोष आहे.

(आ) रव थांबल्यास सेंड व रिटर्न आखूड तारेने जोडावेत व गिटारच्या जागी शॉर्ट प्लग ठेवावा. या स्थितीत रव आला, तर तो पूर्वविवर्धकाचा. शॉर्ट प्लग काढून गिटार जोडल्यावरच तो आला आणि गिटार वळविताच कमीजास्त झाला, तर तो गिटारच्या पिकअपने टिपलेला आहे.

(इ) आखूड तारेच्या जागी प्रत्यक्ष वापरातील लांब तारा, पण मध्ये उपकरण न घालता, जोडाव्यात. आता उद्भवलेला रव तारांचा किंवा त्यांनी वेढलेल्या क्षेत्रफळाचा. या वेळी तीव्र चीत्कार ऐकू आल्यास सेंडची तार गिटारच्या तारेजवळून जात आहे काय, ते पाहावे. पूर्वविवर्धकाचे वर्धन १००० पट असेल, तर बाहेर पडलेल्या संकेताचा हजारावा अंशही आगत तारेत अनुकूल कलेने झिरपला की आंदोलन सुरू होते. तारा अलग नेल्याने ते थांबते.

(ई) एक पेडल बॅटरीवर चालवून मध्ये घालावे. सूं वाढल्यास पातळी तपासावी.

(उ) तेच पेडल अडॅप्टरवर चालवावे. घूं किंवा शिट्टी याच पायरीवर आली, तर दोष पुरवठ्याचा.

(ऊ) शेवटी एकेक करून उरलेली उपकरणे जोडावीत. ज्या जोडणीने रव परत येतो, तिथेच वेटोळे पूर्ण होते.

मोबाइल फोनवरील वर्णपट दाखविणारी साधने या कामी उपयोगी पडतात. परंतु फोनचा मायक्रोफोन ५० हर्ट्‌झला फारसा संवेदनशील नसल्याने मूळ स्वरापेक्षा १५०, २५० किंवा २००, ३०० हर्ट्‌झच्या संनादींकडे पाहावे. विषम संनादींचे प्राबल्य वेटोळ्याकडे किंवा रोहित्राकडे, सम संनादींचे एकदिशकारकाकडे बोट दाखविते. व्हॉल्व्ह-विवर्धकाचा सांगाडा उघडणे हे मात्र या क्रमात बसत नाही. त्यातील धारित्रांवर ३०० ते ५०० व्होल्टचा दाब प्लग काढल्यानंतरही टिकू शकतो. ते काम जाणत्या तंत्रज्ञाचेच होय.

७. वेटोळे कोठे तोडावे

वेटोळे दोन तारांचे बनते, हे वर आलेच आहे. त्यांपैकी कोणतीही एक तोडली तरी घूं थांबते. आणि येथेच घातक चूक घडते. भूसंपर्काची पिन तोडली, की घूं तत्क्षणी बंद होते व उपाय सफल झाल्यासारखा वाटतो. परंतु गिटारच्या तारा संकेताच्या आवरणामार्फत विवर्धकाच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. विवर्धकात आतील वीजवाहक तार सांगाड्याला टेकली, तर तोच दाब वादकाच्या बोटांशी येतो. त्याच क्षणी त्याने भूसंपर्कित मायक्रोफोनला स्पर्श केला, तर प्रवाह त्याच्या छातीतून जातो. २३० व्होल्ट दाबाने, शरीराचा रोध १००० ते २००० ओहम धरल्यास, हा प्रवाह ११५ ते २३० मिलिअँपिअर होतो. हृदयाची लय बिघडण्यास इतका प्रवाह पुरेसा आहे. पावसाळ्यातील ओली फरशी व अनवाणी पाय हा रोध आणखी कमी करतात. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी हा १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वॉन्झी येथे रंगमंचावर मायक्रोफोनला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. भूसंपर्कातील दोष रंगमंचावर काय करू शकतो, याचे ते उदाहरण होय.

पिन शाबूत असली, तरी मावळासारख्या कातळाच्या प्रदेशात तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही. जेथे संरक्षण केवळ स्थानिक भूखड्ड्यावर अवलंबून आहे आणि त्याचा रोध २० ओहम आहे, तेथे सांगाड्यावर पूर्ण दाब आला तरी प्रवाह साडेअकरा अँपिअरच वाहील. १६ अँपिअरचे रक्षक साधन त्याने तुटणार नाही, व सांगाडा जिवंत राहील. म्हणून अशा स्थळी ३० मिलिअँपिअरचे अवशिष्ट-प्रवाह रक्षक साधन अपरिहार्य मानावे. ते येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहांतील फरक मोजीत असल्याने भूखड्ड्याचा रोध बराच अधिक असला तरी कार्य करते.

मग वेटोळे तोडावयाचे कोठे? संकेताच्या मार्गात. प्रथम सर्व उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवरून चालवावीत. याने दोन भूबिंदूंमधील दाब बहुधा नाममात्र उरतो. तेवढ्याने न भागल्यास सेंड किंवा रिटर्नच्या मार्गात १:१ प्रमाणाचे संकेत-रोहित्र घालावे. संकेत चुंबकीय युग्मनाने पलीकडे जातो, आवरणाची अखंडता तुटते, आणि दोन्ही उपकरणांचा भूसंपर्क आपापल्या प्लगमार्फत अबाधित राहतो. स्वतःचा भूसंपर्क नसलेल्या पेडलाच्या बाबतीत दोन तारांपैकी एकीचे आवरण एका टोकास सोडले तरी चालते, कारण दुसऱ्या तारेचे आवरण त्याचा संदर्भ टिकवून ठेवते.

या साऱ्या विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. इफेक्ट्स लूपमधील प्रत्येक रवास ओळखण्याजोगे लक्षण आहे, प्रत्येक लक्षणास तपासण्याजोगे स्थान आहे आणि प्रत्येक स्थानास संकेताच्या मार्गातच उपाय आहे. सूंसाठी पातळी, खरखरीसाठी संपर्क, चीत्कारासाठी तारांची मांडणी, घूंसाठी क्षेत्रफळ व विलगन. भूसंपर्काची पिन या यादीत कोठेही येत नाही. तिचे कार्य ध्वनीशी संबंधित नाही. ते वादकाच्या जिवाशी संबंधित आहे.